गाणं लागलं की ती तारीख का आठवते?

धुळे जिल्ह्यातलं थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ. त्यांचं गाणं लागलं, की खान्देशातही अनेकांना त्यांच्या निधनाचा, ६ फेब्रुवारी २०२२चा रविवार आठवतो. इथे गाणं हा स्मृतिसंकेत (आठवण जागी करणारी खूण) असतो. ठळक आठवण म्हणजे अचूक आठवण, असा समज स्वाभाविक आहे. पण आठवण मेंदूत जशीच्या तशी साठलेली नसते. ती भरतासारखी दर वेळी नव्याने होते: वांगी तीच, चव जरा निराळी. त्या दिवशी टीव्हीवर पाहिलेलं आणि नंतर ऐकलेलं त्यात बेमालूम मिसळतं. १९६२च्या युद्धातल्या जवानांसाठी लता मंगेशकरांनी १९६३मध्ये दिल्लीत गायलेलं गाणं आता काहींना आधी शिवाजी पार्कवरचा त्यांचा अंत्यविधीच आठवून देतं.