भिंतीची तयारी व ताजा गिलावा

विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करावा आणि वर्षाच्या आतच त्याचे पोपडे सुटावेत, असा अनुभव पुष्कळ शेतकरी बंधूंना येतो. दोष बहुधा सिमेंटचा नसून कामाच्या पद्धतीचा असतो.

प्रथम विटांचे सांधे सुमारे १ सेंटिमीटर खोल खरवडावेत. सुटा जुना गिलावा, धूळ व लोणा तारेच्या ब्रशाने काढून भिंत चांगली भिजवावी. कोरडी वीट गिलाव्यातील पाणी शोषून घेते व त्याची पकड बसत नाही. मात्र भिंतीवरून पाणी ओघळत असताना गिलावा चढवू नये.

१ भाग सिमेंट व ६ भाग चाळलेली वाळू आधी कोरडी मिसळावी. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच माल एका वेळी कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घातल्यास तो मऊ दिसतो. परंतु त्याचा जोर गेलेला असतो. गिलाव्याची जाडी १२ ते १५ मिलिमीटर ठेवून दुसऱ्या दिवसापासून निदान ७ दिवस त्यावर पाणी मारावे.

उरलेला माल टाकून देणे जिवावर येते, हे खरे. म्हणूनच ग्रामसेवकांनी थोडा थोडा माल कालविण्याची सवय गवंड्यांना लावावी.