दूरच्या संगणकास ‘थांब’ कसें सांगावें?

नगरचा एखादा विद्यार्थी आपल्या खोलींत बसून पुण्यांतील संगणकावर काम करीत आहे, अशी कल्पना करा. आज्ञा लिहितांना चूक झाली आणि दूरचें यंत्र भलत्याच फायली पुसूं लागलें. विद्यार्थी घाईनें ‘कंट्रोल’ व ‘सी’ या कळा दाबतो. ती खूण तेथें पोंचेल काय, व पोंचली तरी कळेल काय?

दूरमुद्रकाच्या काळीं हें सोपें होतें. एका अक्षरास लागणाऱ्या वेळेहून अधिक वेळ तारेंतील प्रवाह तोडून धरला, कीं त्यास ‘ब्रेक’ म्हणत. ब्रेक हें अक्षरच नव्हे. म्हणून मजकुराशीं त्याची गल्लत होत नसे. आपली सरकारी तारसेवा २०१३ च्या जुलैंत संपली, परंतु ‘ब्रेक’ हें नांव कित्येक कळफलकांवर राहून गेलें आहे.

पुढें संगणकांच्या प्रत्येक घराण्याची रीत निराळी झाली. कंट्रोल-सी म्हणजे आस्की संकेतांतील ३ क्रमांकाचें चिन्ह. कित्येकांस तें मान्य होतें. जुन्या युनिक्सास मात्र १२७ वें, म्हणजे एरवीं पुसण्याचें, चिन्ह ‘थांब’ असें वाटे!

१९८३ सालीं पोस्टेल व रेनॉल्ड्स यांनीं टेलनेटचे जे नियम लिहिले, त्यांत यावर तोड आहे. आपल्याकडील कळ कोणतीही असो, वाटेवर सर्वांस समान अशी खूण धाडावी. पलीकडील यंत्रानें तिचा आपल्या रीतीनें अर्थ करावा. २५५ म्हणजे पुढील अंक आज्ञेचा आहे. त्यामागून २४४ आला, कीं चालू काम मोडावें.

खरी अडचण याहून पुढची आहे. बिघडलेला प्रोग्राम आलेला मजकूर वाचीतच नसेल, तर रांग तुंबते व ‘थांब’ शेवटीं उभी राहते. आगीची वर्दी आणणाऱ्यास तिकिटाच्या रांगेंत उभें करावें, तसाच हा प्रकार! म्हणून टेलनेट सोबत तांतडीची सूचना धाडतें व २४२ ही खूण ठेवतें. त्या खुणेपर्यंतचा मजकूर टाकून द्यावा, आज्ञा मात्र पाळाव्या.

१९९५ सालीं आलेल्या एसएसएचची रीत साधी आहे. तें सामान्यतः ३ क्रमांकाचें चिन्हच गुप्तलेखांत पलीकडे नेतें, आणि तेथील टर्मिनल त्यावरून काम थांबवितें. खऱ्या ब्रेकसाठीं २००६ सालीं वेगळा नियम करावा लागला.

काम थांबलें तरी पुसलेलें परत येत नाहीं. तेव्हां परक्या यंत्रावर प्रथम ‘स्लीप १००’ अशी निरुपद्रवी आज्ञा द्यावी, आणि कंट्रोल-सीनें ती मोडते कीं नाहीं हें पाहावें. न मोडल्यास ‘एसटीटीवाय -ए’ या आज्ञेनें त्या यंत्राची ‘थांब’ची कळ कोणती, तें कळतें.