गोचीड काढली, आता पुढचे तीन आठवडे



पावसाळा सरत आला की पाड्यापाड्यांवर एक तक्रार हमखास कानावर येते : कुत्र्याला गोचिडी झाल्या आहेत. आरोग्यसेविका म्हणून मी जाते ती माणसांच्या तापासाठी, गरोदर बायकांसाठी, लहान मुलांच्या वजनासाठी. पण कुडाच्या घरात माणसे, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्रा एकाच छपराखाली राहतात. तिथे एकाचे दुखणे दुसऱ्यापासून वेगळे ठेवता येत नाही. रात्री शेळ्यांची आणि कोंबड्यांची राखण कुत्रा करतो, आणि दिवसा मुले त्याच्याच अंगावर लोळतात. म्हणून या अंकात कुत्र्याविषयी लिहीत आहे.

गोचीड कशी काढायची हे बहुतेकांना ठाऊक असते. काढल्यानंतर काय करायचे, हे मात्र फार कमी जण विचारतात. "ताई, काढली ना, मग झालं की," असेच उत्तर मिळते. खरे तर काळजी तिथून सुरू होते. गोचीड रक्त पिताना आजाराचे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडू शकते, आणि तो आजार दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर ती गोचीड कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते. कुत्रा खाणे सोडतो, खंगतो, आणि घरचे म्हणतात की कोणी काही घातले असेल किंवा नजर लागली असेल.

काढताना आणि लगेच नंतर

आधी थोडे काढण्याविषयी. विडीचा चटका देणे, रॉकेल ओतणे, तंबाखू किंवा चुना लावणे हे टाळावे. त्रास झालेली गोचीड पोटातले जंतू जखमेत ओकू शकते, आणि कुत्र्याची कातडी भाजते ते वेगळेच. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी लगत धरावी आणि हळूहळू सरळ वर ओढावी. चिमटा नसेल तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून काढावी. दुखल्यामुळे ओळखीचा कुत्राही चावू शकतो, म्हणून एकाने डोके प्रेमाने पण घट्ट धरावे. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

काढलेली गोचीड नखाने चिरडू नये. पाड्यावर मुले हे खेळ म्हणून करतात, त्यांना समजावून सांगा. सप्टेंबर २०२० मध्ये शेजारच्या गुजरातमधल्या काँगो तापामुळे पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीच्या सूचना काढल्या होत्या. तो ताप मुख्यतः गुराढोरांवरच्या एका वेगळ्या जातीच्या गोचिडीमुळे पसरतो. पण आपल्याकडे गुरे, शेळ्या आणि कुत्री एकत्रच बसतात आणि कोणती गोचीड कुठली हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे कोणत्याच गोचिडीचे रक्त हाताला लागू देऊ नये. झाकणाच्या बाटलीत थोडे स्पिरिट घेऊन त्यात ती टाकावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

चावलेली जागा साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि बीटाडीनसारखे जंतुनाशक लावावे. गोचिडीचे तोंड आत तुटून राहिले तर सुईने किंवा बाभळीच्या काट्याने उकरू नये. कातडी ते आपोआप बाहेर ढकलते. उकरल्याने मात्र जखम पिकते.

त्या जागी मसुरीच्या डाळीएवढी कडक गाठ राहते. ती काही दिवस, कधी दोन आठवडेही टिकते आणि मग विरते. तिची भीती नको. मात्र गाठ वाढू लागली, गरम लागली, पू किंवा वास आला, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. ओल्या दिवसांत उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून जागा रोज पाहावी. कुत्रा सारखा चाटत असेल तर जुना बनियन अंगात घालून जागा झाकावी. घरगुती असला तरी हा उपाय चांगला चालतो.

तीन आठवड्यांची राखण

गोचीड काढली ती तारीख लिहून ठेवा. दिनदर्शिका असेल तर तिच्यावर, नसेल तर भिंतीवर कोळशाने. त्या दिवसापासून तीन आठवडे, रोज सकाळी भाकर टाकताना, चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, तो खातो का. नेहमी धावत येणारा कुत्रा भाकरीकडे पाठ फिरवून पडून राहिला, तर ती पहिली खूण समजावी.

दुसरी, हिरड्या. ओठ वर करून पाहा. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबल्यावर पांढऱ्या होतात आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी. त्या फिकट किंवा पिवळसर दिसल्या, तर रक्त कमी होत आहे किंवा कावीळ झाली आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या काळ्याच असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

तिसरी, लघवीचा रंग. कोऱ्या चहासारखी तांबूस किंवा काळपट लघवी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत आहेत. हा बबेसिया नावाच्या परजीवीचा आजार असू शकतो. त्यात एक दिवसही थांबू नये.

चौथी, रक्तस्राव. नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके उठणे. अर्लिकिया नावाच्या जंतूमुळे रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, त्याची ही लक्षणे आहेत.

अंगात तापही असतो. कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणून हात लावून ताप ठरवू नये. वरच्या चारपैकी एक जरी खूण दिसली तरी डॉक्टरांकडे न्यावे आणि गोचीड कोणत्या तारखेला काढली ते सांगावे. रक्ताची एक काच पाहून बराच उलगडा होतो. अर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन हे औषध साधारण चार आठवडे द्यावे लागते. बबेसियाचे औषध वेगळे असते. चार दिवसांत कुत्रा शेपूट हलवू लागतो आणि घरचे गोळ्या बंद करतात. तसे करू नका, आजार अंगात दबून राहतो आणि काही महिन्यांनी जास्त जोराने वर येतो.

आणखी एक कळकळीची विनंती. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधे कुत्र्याचे यकृत, जठर आणि मूत्रपिंड बिघडवतात. आधीच रक्त कमी झालेल्या जिवाला ती गोळी मारकच ठरते.

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवावे. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या मोफत क्रमांकावरही चौकशी करता येते.

गोचिडी अंगावर कमी, घरात जास्त

कुत्र्याच्या अंगावर जी तपकिरी गोचीड आढळते, ती आयुष्याचा बराचसा काळ अंगावर नसतेच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत अंडी घालते. एक मादी हजारांवर, कधी चार हजारांपर्यंत अंडी देते. पिल्ले बाहेर येतात, कुत्र्याचे रक्त पितात, पुन्हा उतरतात, कात टाकतात आणि पुन्हा चढतात. उबदार हवेत हे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरे होते. म्हणून कुत्र्याला एकदा धुऊन काढले तरी महिन्याभरात तक्रार पुन्हा येते.

कुडाच्या घरात कारवीच्या काड्यांमधल्या फटी, ओटीचा कोपरा, धान्याच्या कणगीमागची जागा, कुत्रा बसतो ते गोणपाट ही त्यांची ठिकाणे. कुडाला शेणमातीचे नीट लिंपण केले की फटी बुजतात. आपल्या बायकांची ही जुनी रीत इथेही कामी येते. गोणपाट आठवड्याला उकळत्या पाण्यात बुडवावे किंवा जाळून नवे घ्यावे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या चाळींमध्ये हीच जागा दाराच्या चौकटीमागे आणि फरशीच्या कडेला असते. तिथे फटी सिमेंटने भरून घ्याव्यात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी कुत्र्याचे कान, मान, काखा, बोटांमधल्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा तपासावी, नाहीतर गोचिडी सामानाबरोबर नव्या झोपडीत पोहोचतात.

औषध लावायचे ते पशुवैद्याला विचारूनच. अमिट्राझसारखे औषध पाण्यात किती मिसळायचे याचे ठरलेले प्रमाण असते. लहान पिल्लांना आणि मांजरांना ते चालत नाही. वाडीत मिरचीवर फवारायचे कीटकनाशक कुत्र्याला चोळल्याचे मी पाहिले आहे. कुत्रा अंग चाटतो, विष पोटात जाते आणि तोंडाला फेस येऊन तडफडतो. शिवाय तोच हात मुलांच्या ताटाला लागतो. औषधाचे उरलेले पाणीही ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

घरातल्या माणसाला ताप आला तर

आपल्या भागात ताप म्हटले की मलेरिया किंवा डेंग्यू आठवतो, आणि ती तपासणी व्हायलाच हवी. पण घरातल्या कुत्र्याला गोचिडी असतील, किंवा कोणाच्या अंगावर गोचीड सापडली असेल, आणि त्यानंतर दोन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, तळहात-तळपायांवर लाल पुरळ किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. "घरात गोचिडी आहेत" हे आपणहून सांगा. गोचिडीपासून होणारा टायफस हा ताप वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. उशीर झाला तर तो मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. हे एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेले तर एखाद्या लेकराचे चार दिवस वाचतात, आणि अशा तापात चार दिवस फार मोलाचे असतात.

याचा अर्थ घाबरून कुत्र्याला हाकलावे असा नाही. प्रत्येक गोचिडीत आजार नसतो आणि बऱ्याच चाव्यांनी काहीच होत नाही. गोचिडी झालेला कुत्रा हमरस्त्यावर नेऊन सोडला, तरी घराच्या फटींतल्या गोचिडी घरातच राहतात. मग त्यांना चढायला कुत्रा मिळाला नाही तर माणूस मिळतो. जो जीव आपले दार राखतो, त्याची तीन आठवडे राखण करणे हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

आपल्या सर्व स्वयंसेवकांना आणि बालवाडीच्या ताईंना विनंती, की हा लेख महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवावा. वाचता न येणाऱ्यांसाठी चारच शब्द पाठ करून घ्यावेत : खाणे, हिरडी, लघवी, रक्त. पुढच्या भेटीत मी मुलांना हेच विचारणार आहे.