नोटीस देणारा कोण, घेणारा कोण? इंग्रजीतील द्विकर्मक क्रियापद

घिवली, तारापूर, बोईसर पट्ट्यातली आपली मुले बारावी किंवा आयटीआय झाली की पहिला अर्ज एमआयडीसीत टाकतात. नेमणुकीचे पत्र हातात पडते ते बहुतेक वेळा इंग्रजीत. त्यात असे वाक्य असू शकते : 'यू विल बी गिव्हन वन मंथ्स नोटीस.' सुरुवातीलाच 'यू' दिसतो, म्हणून मुलगा समजतो की महिन्याची नोटीस आपण द्यायची. अर्थ नेमका उलटा आहे. नोटीस कंपनी देणार, त्याला मिळणार. त्याने द्यायची असती तर 'यू विल गिव्ह' असे लिहिले असते.

हा घोळ का होतो ते पाहू. गिव्ह, सेंड, शो, टेल, पे ही द्विकर्मक क्रियापदे. यांना दोन कर्मे लागतात : एक वस्तू आणि ती ज्याला मिळते तो माणूस. मराठीत तो माणूस आपण 'ला'वरून ओळखतो, उर्दूत 'को'वरून. 'मॅनेजरला फाईल दाखव' म्हणा नाहीतर 'फाईल मॅनेजरला दाखव' म्हणा, काही बिघडत नाही. इंग्रजीत 'ला' नाही, तिथे शब्दाची जागाच ते काम करते. आधी माणूस, मग वस्तू : 'शो द मॅनेजर द फाईल.' उलटे केले तर फाईललाच मॅनेजर दाखवल्यासारखे होते! वस्तू आधी घ्यायची असेल तर माणसाआधी 'टू' हवा : 'शो द फाईल टू द मॅनेजर.' बाय, मेक, कुक यांना मात्र 'फॉर' लागतो.

आता पत्रातले वाक्य. मराठीत 'तुला नोटीस दिली जाईल' म्हणताना 'ला' कायम राहतो. इंग्रजीत घेणारा थेट कर्त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि आपण त्यालाच देणारा समजतो. पगाराचेही तसेच. 'यू विल बी पेड' म्हणजे पैसे तुम्हाला मिळणार, 'यू विल पे' म्हणजे तुमच्या खिशातून जाणार. एवढ्याशा 'बी'वर सगळे अवलंबून आहे.

इंटरव्ह्यूत हमखास ऐकू येणारे 'एक्सप्लेन मी' हे 'मला समजवा'वरून आलेले. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब या क्रियापदांपुढे माणूस असा थेट बसत नाही. 'एक्सप्लेन इट टू मी' म्हणावे लागते. लॅटिनकडून आलेल्या बऱ्याच क्रियापदांचे असे आहे. पण 'प्रॉमिस'ही तिकडचेच, तरी 'प्रॉमिस मी' बरोबर ठरते. त्यामुळे ही तीन सरळ पाठच करावीत.