व्यावसायिक कुस्तीतील प्रतीक्षेचे अर्थकारण

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती ही मूलतः कुस्तीच्या रूपातील नाट्यप्रयोग होय. आपल्याकडील नुरा कुस्तीत प्रेक्षकांची फसवणूक होते; तेथे मात्र निकाल पूर्वनियोजित असल्याचे बहुतांश प्रेक्षक जाणून असतात. त्यामुळे त्यांची उत्कंठा मुख्यतः लांबविलेल्या प्रतीक्षेवर टिकविली जाते.

फिलाडेल्फिया येथील 'एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग' ही लहान स्वतंत्र संस्था याचे ठळक उदाहरण होय. बिंगो खेळाच्या सभागृहात तिचे प्रयोग होत. नोव्हेंबर १९९५ मध्ये टॅझ या मल्लाने साबू यास आव्हान दिले. परंतु प्रत्यक्ष लढत जवळजवळ दीड वर्ष लांबविण्यात आली. अखेर १३ एप्रिल १९९७ रोजी 'बेअरली लीगल' या संस्थेच्या पहिल्या सशुल्क दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती होऊन टॅझ विजयी ठरला. त्याच रात्री ५२ वर्षीय टेरी फंक याने संस्थेचे अजिंक्यपद मिळविले.

बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांपुढे लहान संस्थेचे खरे भांडवल म्हणजे प्रेक्षकांची साठविलेली प्रतीक्षा. तथापि, लढत होताच ते भांडवल खर्ची पडते व नव्याने उभारावे लागते. केवळ त्यावर संस्था तगत नाही, हे २००१ मध्ये तिच्यावर ओढवलेल्या दिवाळखोरीवरून स्पष्ट होते.