गर्भाशयमुखाचा कर्करोग : संकोच नको, तपासणी हवी

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या ‘एचपीव्ही’ विषाणूमुळे होतो. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही स्त्रियांत तो टिकून राहतो व अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवतो. पतीचा विवाहापूर्वीचा संसर्गही एकनिष्ठ पत्नीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून निदानावरून स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा करणे अन्यायाचे होय.

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने व वेळीच उपचारांनी या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले.

सायखेडा परिसरातील तिशी ओलांडलेल्या भगिनींनो, त्रास नसला तरी तपासणी करून घ्या. मुलींना वेळेवर लस द्या.