दोन पोटांची जुनी होडी

‘जुने ते सोने’ ही म्हण दागिन्यांना लागू पडते, पितळी भांड्यांना लागू पडते, क्वचित माणसांनाही लागू पडते. शिडाच्या होडीला मात्र ती निम्मीच लागू पडते. कोणत्या निम्म्याला, हे ज्याला उमगले त्याने जुनी होडी खुशाल घ्यावी. ज्याला उमगले नाही त्याने काठावर बसून दुसऱ्यांच्या होड्या पाहाव्यात. त्यातही आनंद काही थोडा नाही.

मी अमेरिकेत, मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. सरोवर आपले नावालाच. पैलतीर दिसत नाही आणि वारा उठला की लाटा समुद्राच्या तोडीच्या. उन्हाळा इथे लहान आणि हौशी माणसे फार. त्यांच्या परसात, कोठारामागे, गवतात रुतलेली एक ठरावीक होडी हमखास आढळते. तिचे नाव होबी १६. कॅलिफोर्नियात लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनवणारे होबी आल्टर (१९३३–२०१४) यांनी ती १९७० च्या सुमारास बाजारात आणली. लांबी साडेसोळा फुटांहून किंचित अधिक, रुंदी आठ फुटांना इंचभर कमी, वजन सुमारे १४५ किलो. अशा होड्या आजवर लाखाच्या वर तयार झाल्या, आणि म्हणूनच त्यांचे जुने सुटे भागही मिळतात.

आपल्या कोकणातल्या छोट्या होडीला एका बाजूस उलांडी असते. या होडीत मूळ होडी कोणती आणि उलांडी कोणती हा प्रश्नच नाही. दोन्ही पोटे सारखीच. तिच्या जातीचे नाव ‘कॅटामरान’ मात्र आपल्या दक्षिणेतून गेलेले. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके बांधून केलेल्या तराफ्याचे हे नाव इंग्रजीने उचलले आणि पुढे ते दोन पोटांच्या होडीला चिकटले.

आता मुद्द्याकडे वळतो. सुटे भाग निवडताना मी एकच कसोटी लावतो. जो भाग आपला दोष उघड दाखवतो तो जुना चालेल. जो दोष पोटात ठेवतो तो नवाच घ्यावा.

उघड दाखवणाऱ्यांत पहिले सुकाणू. या होडीला सुकाणूची दोन पाती असतात. कड झिजली असेल तर डोळ्याला दिसते, खिळीचे भोक सैल झाले असेल तर हाताला खुळखुळ जाणवते. असे भोक इपॉक्सीने भरावे, पुरते सुकू द्यावे आणि नव्याने पाडावे. पाते पुन्हा घट्ट बसते. खिळी मात्र नवी घालावी. कप्प्याही जुन्या चालतात. कोमट साबणपाण्यात बुडवून आतली वाळू धुऊन काढली की फिरू लागतात. त्यांत ग्रीस भरू नये, कारण ग्रीस वाळूला धरून ठेवते.

शीड उन्हापुढे धरून पाहावे आणि शिवणीवर नख ओढावे. कापडाआधी दोरा मरतो. नखाने दोरा तुटू लागला पण कापड धड असले, तर पुन्हा शिवून ते शीड कित्येक उन्हाळे चालते. दोन पोटांमध्ये ताणून बांधलेल्या, ज्यावर आपण बसतो त्या कापडाचेही तेच.

पोटे पाहताना बोटाच्या पेराने ठोकत जावे, कुंभाराकडे मडके घेताना ठोकतो तसे. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फेस भरलेला असतो. थर सुटले की टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो आणि अंगठ्याखाली पृष्ठभाग दबतो. पुढच्या आडव्या दांडीच्या आसपास हे विशेष तपासावे. दुखणे तळहाताएवढे असेल तर बारीक भोके पाडून सुईने आत इपॉक्सी सोडता येते. हातभर पसरले असेल तर नमस्कार करून परतावे. गळती शोधण्यासाठी सांध्यांवर साबणपाणी फासावे आणि पाणी काढण्याच्या छिद्रातून तोंडाने हवा फुंकावी. बुडबुडे आपली जागा सांगतात. हवेचा पंप लावण्याचा मोह टाळावा. धड सांधाही त्याने उकलतो.

डोलकाठीशी येऊन काम नाजूक होते. ती साडेसव्वीस फुटांची, अॅल्युमिनियमची. एक डोळा मिटून, सुतार फळी पाहतो तशी ती लांबीतून पाहावी. पोलादी तुकडे जडवलेत तिथे पांढरी भुकटी दिसली तर अॅल्युमिनियम खाल्ले जात आहे असे समजावे. दोन वेगळे धातू आणि मधे खारे पाणी, एवढे त्याला पुरते. म्हणून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरच्या चकचकीत भागापेक्षा इथल्या गोड्या पाण्यातला मळका भाग मी पसंत करतो. डोलकाठी आतून पाणबंद हवी. ती भरली तर कलंडलेली होडी पुरती पालथी होते. उथळ पाण्यात दाबून धरली की बुडबुड्यांवरून तेही कळते. आणखी एक गोष्ट जिवाची आहे. अॅल्युमिनियमची काठी वरच्या विजेच्या तारेला लागून माणसे दगावली आहेत. म्हणून १९८० च्या दशकात तिचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा होऊ लागला. असा शेंडा असलेलीच काठी शोधावी, आणि तरीही विजेच्या तारांखाली ती कधीच उभी करू नये.

राहिल्या डोलकाठी धरून ठेवणाऱ्या ताण-तारा. एक पुढे, दोन बाजूंना. जाडी पेन्सिलीच्या निम्मी. यांतली एक तुटली तर काठी माणसांवर येते. दोष पोटात ठेवणाऱ्यांत या अग्रगण्य. तार वरून चांदीसारखी चमकते आणि टोकाशी, जिथे ती नळीत दाबून बसवलेली असते तिथे, आतून कुजलेली असते.

एका निवृत्त मास्तरांच्या कोठारात मी सुकाणूची जोडी घ्यायला गेलो होतो. सौदा ठरल्यावर गृहस्थांनी तारांचे वेटोळे फुकट पुढे केले.

“वीस वर्षे टिकल्या आहेत,” ते अभिमानाने म्हणाले.

“तीच तर माझी अडचण आहे,” मी म्हटले. खिशातला कापूस काढून तारेवरून फिरवला. दोन ठिकाणी तो अडकला. तिथे बारीक धागे तुटून वर आले होते. भिंगातून पाहिले तर नळीच्या तोंडाशी केसाएवढी चीर. मी त्यांना सांगितले, की माझ्याबरोबर माझी चौदा वर्षांची मुलगी असते. वारा वाढला की डोलकाठीवरून सोडलेल्या तारेला अडकून ती कडेबाहेर पाण्यावर झुकते. मे महिन्यात इथले पाणी हात बधिर करते.

मास्तर काही बोलले नाहीत. आत गेले, मोठी कातर घेऊन आले आणि सगळ्या तारांचे वीतभर तुकडे करून त्यांनी ते भंगाराच्या पिंपात टाकले. “नाहीतर कोणीतरी नेईलच,” एवढेच म्हणाले.

तेव्हा जुनी होडी घेणाराने पैशाचा क्रम असा लावावा: आधी नव्या तारा, मग खिळ्या आणि कड्या, मग दोर, रंग सर्वांत शेवटी. रंगाने होडी विकली जाते, तरत नाही. नव्या तारा चढवल्या की त्या दिवसाची तारीख मी चिकटपट्टीवर लिहून डोलकाठीच्या बुडाशी लावतो. दर वसंतात होडी बाहेर निघाली की मुलगी आधी वाकून ती तारीख वाचते, बोटांवर वर्षे मोजते, आणि मगच शिडाला हात लावते.